बॅकअप ही श्रद्धेची गोष्ट

बॅकअप घ्यावा, पण तो उघडून पाहू नये, ही सॉफ्टवेअर व्यवसायातली सर्वांत सुसंस्कृत प्रथा होय. देव्हाऱ्यातल्या संपुष्टात शाळिग्राम आहे ना, हे रोज चाचपणारा भक्त कसला? ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत या श्रद्धेची कसोटी लागली. दुय्यम सर्व्हर समजून एका अभियंत्याने रात्री उशिरा मुख्य सर्व्हरवरचाच डेटा पुसायला घेतला. हात आवरेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरला. बॅकअपच्या पद्धती मात्र चांगल्या पाच होत्या. रोजचा बॅकअप पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ९.६ आवृत्तीचा डेटा ९.२ च्या साधनाने घेऊ पाहत असे, म्हणून तो होतच नसे. तसे कळवणारे ईमेलही निघत, पण वाटेतच नाकारले जात. इतकी शांतता कोणत्या कार्यालयाला लाभते?

कोणी म्हणेल, एकट्या माणसाला सगळं पुसण्याचा अधिकार कशाला? अहो, अधिकार कमी केले तर कामं अडतात. आणि पुसण्याइतकं झटपट होणारं काम दुसरं कोणतं? रिस्टोअरची तालीम घ्यावी, हा आक्षेप त्याहून घातक. आज निदान पाच बॅकअप आहेत. तपासले तर एकही उरणार नाही. राहता राहिला तो, अखेर बहुतेक डेटा वाचला कसा, हा प्रश्न. सहा तास आधी कुणीतरी भलत्याच कामासाठी हाताने एक प्रत काढून ठेवली होती. वेळापत्रकाबाहेर काढलेल्या या प्रतीबद्दल संबंधितांकडून लेखी खुलासा मागवायला हवा.