गटारी आहे, श्रावण नाही

३१ डिसेंबरला रात्री साडेअकरापर्यंत माणूस मनसोक्त खातो-पितो आणि पावणेबाराच्या सुमाराला त्याला एकाएकी वैराग्य येतं. उद्यापासून साखर बंद. उद्यापासून पहाटे पाचला उठणार. उद्यापासून रात्री नऊनंतर मोबाइल दुसऱ्या खोलीत. हे सगळं तो मोबाइलवरूनच ग्रुपवर जाहीर करतो. खाली अंगठे उमटतात, एखादी काकू दोन्ही हात जोडते, आणि संकल्पाचं निम्मं पुण्य तिथेच पदरात पडतं. उरलेल्या निम्म्याची मग कोणाला घाई?

१ जानेवारीला पुण्यात तळजाई टेकडीवर जाऊन बघा. गाडी लावायला जागा मिळत नाही. बूट इतके कोरे की चालणारा पायाकडेच बघत चालतो. वर्षभर नेमाने येणाऱ्या आजोबांचा बाक नव्या मंडळींनी अडवलेला असतो. त्यावर एक पाय ठेवून ती मंडळी कुठल्याशा शिरा ताणत असतात. आजोबा मात्र निवांत. शेजारच्याला म्हणतात, ‘‘संक्रांतीपर्यंत कळ काढा हो. गुळपोळी आली की हे गेले.’’

आजोबा जरा कडक गुण देतात, पण पेपर बरोबर तपासतात. अमेरिकेत जॉन नॉरक्रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात नववर्षाचे संकल्प सोडणाऱ्या २०० जणांचा दोन वर्षं पिच्छा पुरवला. पहिला आठवडा ७७ टक्क्यांनी काढला. दोन वर्षांनी उरले १९ टक्के. म्हणजे मोडणं हा काही मराठी माणसाचा खास गुण नव्हे. उगाच अभिमान नको.

या मोडण्यावर एक अख्खा धंदा उभा आहे. जिमच्या काउंटरवरचा मुलगा डिसेंबरच्या अखेरीस तुमच्या पोटाकडे बघून हळहळतो आणि म्हणतो, ‘‘सर, महिन्याचं घेऊ नका, वर्षाचंच घ्या. ऑफर आजच्यापुरतीच आहे.’’ ही ऑफर गेल्या डिसेंबरातही आजच्यापुरतीच होती. स्टेफानो देलाविन्या आणि उल्रिके माल्मेंडियर या दोन अर्थतज्ज्ञांनी २००६ साली एक निबंध छापला. त्याचा विषय सरळ सांगायचा तर जिमला न जाण्यासाठी पैसे भरणारे लोक. महिन्याला ७० डॉलरपेक्षा जास्त भरणारे सभासद महिन्यातून सरासरी जेमतेम चार वेळा उगवत. एक खेप त्यांना १७ डॉलरच्या वर पडे. त्याच जिममध्ये १० खेपांचा पास घेतला असता, तर खेप १० डॉलरला पडली असती. वरचे पैसे कशाचे? ‘आपण जाणार आहोत’ या भावनेचे. सगळे सभासद एकाच संध्याकाळी आले, तर मालकाला वजनं लपवून ठेवावी लागतील.

खरी गंमत अशी, की संकल्पाचा हा खेळ आपल्याला नवा नाही. आपल्याकडे तो आषाढात होतो आणि बऱ्यापैकी पारही पडतो. आषाढ शुद्ध नवमी म्हणजे कांदेनवमी. दुपारपासून घरात कांदा चिरण्याचं रडगाणं, कढईत खेकडा भजी, तव्यावर कांद्याचं थालीपीठ, आणि ‘अजून एक घाणा काढते, थांबा’ हा धाक. दोन दिवसांनी आषाढी एकादशी. चातुर्मास लागला, कांदा-लसूण-वांगं बंद. आधी यथेच्छ खाऊन मग सोडणं, हा ३१ डिसेंबरचा शोध नाही. श्रावणाच्या तोंडावर गटारी साजरी करणाऱ्यांना तर हे शिकवायलाच नको.

फरक पुढे आहे. आजीच्या नेमाला शेवटची तारीख असायची. कार्तिकी एकादशीला चातुर्मास संपला, की सोडलेली वस्तू दान द्यायची, उद्यापन करायचं आणि मोकळं व्हायचं. खंडोबाच्या घरात तर वांगं थेट चंपाषष्ठीला, भरीत आणि रोडग्याच्या थाटात परत यायचं. नेमही एकच, आणि तोही बोटभर. कोणी वांगं सोडी, कोणी पत्रावळीवर जेवी, कोणी जेवताना मौन पाळी (हा नेम घरातल्या बाकीच्यांना विशेष मानवत असे). चातुर्मासात स्वतःची नवी आवृत्ती काढायची कोणाची प्रतिज्ञा नसे. शिवाय नेमात चलाखीला मुभा होती. पडवळ मुळातच न आवडणाऱ्या कितीतरी बायकांनी पडवळ सोडून पुण्य जोडलं आहे. २०२३ साली अधिक श्रावण आला आणि चातुर्मास पाच महिन्यांचा झाला, तेव्हा भरीतवाल्यांचे चेहरे बघवत नव्हते. पण तेही तारखेकडे डोळे लावून बसले, नि बसले म्हणून टिकले.

जानेवारीच्या संकल्पाला कार्तिक नाही. साखर बंद म्हणजे मरेपर्यंत बंद. पहाटे पाचला म्हणजे पेन्शन लागल्यावरसुद्धा पाचला. अशी जन्मठेप कोण भोगणार? पहिल्या हळदीकुंकवाला माणूस तुरुंग फोडून बाहेर येतो, तिळाचा लाडू खातो, आणि एकदा मोडलंच आहे म्हणून दुसराही खातो.

त्यात २१ दिवसांत सवय लागते अशी एक थाप फिरते. तिचं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लॅस्टिक सर्जनच्या १९६०च्या पुस्तकात सापडतं. रोग्याला आपल्या नव्या नाकाची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण. निदान गळालं, नाक गळालं, २१ तेवढे उरले. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर नजर ठेवली, तेव्हा सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. चातुर्मास भरतो १२०च्या आसपास. आता हे वाचून ‘आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ असा मजकूर लगेच पुढे ढकलू नका. आजीला मेंदूतलं काही ठाऊक नव्हतं. पावसाळ्यात वांग्यात अळी निघते, एवढं ठाऊक होतं.

तेव्हा जिमवाल्यांना एक धंद्याची सूचना. वर्षाचं पॅकेज गुंडाळा आणि चार महिन्यांचं काढा. आधी एक दिवस भजी, मग एकच नेम, आणि शेवटी रीतसर उद्यापन. उद्यापनाला सभासदाने ट्रेनरला सपत्नीक जेवायला बोलवावं. पानात भरीत, पुरणपोळी, वर तुपाची धार, आणि आग्रह करायला सभासदाची आई. ‘‘काकू, मी रात्री कार्ब्ज घेत नाही,’’ असं तो म्हणेलच. त्याला दुसरी पोळी वाढायचं काम आईकडे सोपवावं.