आत्मसन्मानाचा ऑनलाइन शोध : कोल्हापूर विभाग

आत्मसन्मान म्हणजे माणसाने स्वतःची मनातल्या मनात ठरवलेली किंमत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स याने १८९० मध्ये तिचे सूत्रच मांडले. मिळालेल्या यशाला स्वतःकडून बाळगलेल्या अपेक्षांनी भागायचे. उत्तर येईल तो आत्मसन्मान. भागाकार असल्यामुळे तो दोन वाटांनी वाढतो, यश वाढवून किंवा अपेक्षा कमी करून. रंकाळ्याच्या कठड्यावर रोज संध्याकाळी बसणाऱ्या मंडळींनी जेम्स न वाचताच दुसरी वाट धरलेली आहे. पुढे १९६५ मध्ये मॉरिस रोझेनबर्ग याने आत्मसन्मान मोजण्यासाठी दहा विधानांची पट्टी तयार केली. ती अजून वापरात आहे. मोबाइलवर ती दोन मिनिटांत भरून होते, आणि गुण कमी पडले की पुढचे पान बहुधा पैसे भरण्याचे असते. गुण चांगले पडले तरी तेच पान उघडते, असाही अनुभव येतो.

कोल्हापुरात सार्वजनिक आत्मसन्मानाचा तुटवडा नाही. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल कोल्हापूरचे नाव न घेता मिरवली, तेव्हा २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाची आठवण अख्ख्या शहराला एकाच दिवशी झाली. कंपनीला प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचे कबूल करावे लागले. पुढच्याच महिन्यात नांदणीच्या मठातली हत्तीण जिओच्याच उद्योगसमूहाच्या ‘वनतारा’ या प्राणीकेंद्रात गेली आणि जिल्ह्यातल्या लोकांनी रागाने आपले जिओचे नंबर दुसऱ्या कंपनीकडे वळवले. ऑगस्टमध्ये चार दशकांच्या मागणीनंतर उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. तीन महिन्यांत चप्पल, हत्तीण आणि न्यायालय या तिन्ही आघाड्यांवर शहराने मान खाली घातली नाही. एवढा आत्मसन्मान गावाच्या नावावर जमा असताना त्यातला एखादा हप्ता माणसाच्या नावावर का वळता होत नाही, हे मानसशास्त्राला अद्याप उलगडलेले नाही. जिओचा नंबर तावातावाने बदलणारा तोच इसम घरी परतल्यावर मेव्हण्याच्या नव्या गाडीकडे पाहून गप्प जेवतो.

ऑनलाइन उपचारक येण्यापूर्वी या दुखण्यावर गावात तीन इलाज प्रचलित होते. पहिला तालीम. वस्तादाची पद्धत कोणत्याही विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात नाही. पोरगा ‘माझ्याच्यानं हुईल का’ म्हणाला, की त्याला उत्तर न देता शंभर जोर मारायला लावायचे. शंभराव्या जोरानंतर प्रश्न विचारण्याइतका श्वास शिल्लक राहत नसल्याने प्रश्न सुटला असे मानले जाई. दुसरा इलाज नात्यातला वडीलधारा माणूस. त्याची फी चहा, निदान ‘तुला काय कमी हाय रं?’ आणि उपचार ‘लगीन करून टाक.’ लग्न आधीच झालेले असल्यास हा उपचार थांबतो आणि रुग्णाच्या बायकोशी वेगळे बोलणे सुरू होते. तिसरा इलाज फ्लेक्स. वाढदिवसाला चौकात दहा बाय वीस फुटांचा फलक लावायचा, त्यावर गॉगल, हात जोडलेले, खाली शुभेच्छुक म्हणून मित्रांचे वाटोळे चेहरे. जेम्सच्या सूत्रानुसार हा अंश फुगवण्याचा प्रकार. फलक चौथ्या दिवशी महापालिका उतरवते आणि उत्तर पूर्वपदावर येते.

दुरून सल्ला घेण्याची कल्पना मात्र महाराष्ट्राला नवी नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात मुंबईहून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. ज्या गोष्टी घरात, दवाखान्यात आणि देवळात बोलता येत नसत, त्या वाचक पोस्टाने त्यांना विचारत आणि कर्वे छापून उत्तर देत. त्यासाठी त्यांच्यावर खटलेही झाले. सल्लागाराचा चेहरा माहीत नाही, विचारणाऱ्याचे नाव गुप्त, मधे फक्त एक टपालपेटी, एवढी व्यवस्था तेव्हाच सिद्ध झाली होती. मुंबईचेच मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांचा न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांच्याशी प्रदीर्घ पत्रव्यवहार होता, आणि एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत रुजवण्याचे श्रेय मुख्यत्वे फडक्यांना जाते. एका पत्राला उत्तर यायला आठवडे लागत. आजचा ग्राहक निळ्या टिका दिसूनही दहा मिनिटांत उत्तर आले नाही तर आपलेच काही चुकले असे समजतो आणि त्याच दिवशी त्याचा आत्मसन्मान आणखी दोन गुणांनी घसरतो.

ऑनलाइन शोधाची कारणे दोन. पहिले सरकारी आकड्यांचे. भारतात दर एक लाख लोकांमागे सुमारे ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ आहेत, म्हणजे पाऊण. या पाऊण माणसाकडे आधी तीव्र आजारांचे रुग्ण जातात आणि ते योग्यच आहे. ‘चारचौघांत बोलताना घसा कोरडा पडतो’ अशी तक्रार घेऊन आलेल्याच्या वाट्याला उरलेला पाव, जो अस्तित्वातच नाही, तो येतो. दुसरे कारण कोणत्याही अहवालात नसले तरी अधिक वजनदार आहे. राजारामपुरीत दवाखान्याबाहेर दुचाकी लावली की तिचा नंबर ओळखणारा माणूस दहा मिनिटांत तिथून जातो. हाडाच्या, दाताच्या, अगदी मूळव्याधीच्या डॉक्टरकडे जाणे सांगता येते. मनाच्या डॉक्टरचे नाव निघाले की गावाला थेट रत्नागिरी आठवते, कारण राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी सर्वांत जवळचे ते, आंबा घाट उतरून. ठाणे, येरवडा आणि नागपूर लांब पडतात. टोमण्यातसुद्धा लोक प्रवासखर्चाचा विचार करतात.

शोध सुरू करताच पाट्यांचा गोंधळ समोर येतो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. औषध लिहिण्याचा अधिकार त्याला. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही, पण भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्याची नोंदणी असावी लागते. परिषद १९९२ च्या कायद्याने चालते आणि नोंदणी क्रमांक तिच्या संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो. ही पडताळणी करणारा ग्राहक दुर्मीळ. मोबाइलचे कव्हर घेताना पन्नास अभिप्राय वाचणारा माणूस मन उघडे करताना फक्त फोटोतले हसू बघतो. समुपदेशकांना नियमात आणण्यासाठी २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांचा राष्ट्रीय कायदा झाला, पण पाटी रंगवण्याचा वेग कायद्याच्या अंमलबजावणीपेक्षा नेहमीच जास्त असतो. त्यापलीकडे कोच लोकांचे खुले रान आहे: माइंडसेट कोच, लाइफ कोच, आत्मविश्वास कोच. यांपैकी कोणालाही कोणत्याही परिषदेचा क्रमांक लागत नाही. यांच्या जाहिरातीत ‘एकवीस दिवसांत नवा तुम्ही’ असे लिहिलेले असते. जुन्या तुम्हीचे काय करायचे, याचा खुलासा नसतो.

उपचारक निवडताना भाषेचा रकाना भरावा लागतो. मराठी निवडली तर समोर बहुधा पुणे किंवा ठाणे येते. तिथून अडचण सुरू होते. ‘तुम्हाला आत्ता, या क्षणी, नेमकं काय वाटतंय?’ असा मृदू प्रश्न येतो आणि इकडून उत्तर जाते, ‘काय न्हाई मॅडम, बरं हाय.’ पुन्हा विचारल्यावर ‘तसं काय इशेष न्हाई.’ तिसऱ्यांदा विचारल्यावर ‘तुमचं बरं हाय न्हवं?’ कोल्हापुरी माणूस भावना सांगत नाही, रस्सा वाढतो. दुःखाचे वर्णन तो ‘डोकं आउट झालंय’ या तीन शब्दांत करतो आणि त्याच तीन शब्दांत ट्रॅफिक, पंचायत आणि फुटबॉलमधला रेफरीही बसवतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार तालीम मंडळाचा सामना असताना हाच माणूस नव्वद मिनिटे बिनधोक आपल्या भावना व्यक्त करतो, हे उपचारकाला माहीत नसते. त्यामुळे नोंदवहीत ‘भावनिक अभिव्यक्ती मर्यादित’ अशी टीप पडते.

पुढचा प्रश्न जागेचा. सत्र साधारण पन्नास मिनिटांचे. फी काहीशे रुपयांपासून दोन-तीन हजारांपर्यंत. पण पन्नास मिनिटे एकट्याला मिळेल अशी खोली शिवाजी पेठेतल्या घरात कशी मिळायची? दार लावले तर आई विचारते, लावले का? उघडे ठेवले तर पुतण्या मांडीवर येऊन कॅमेऱ्यात हात हलवतो. गच्चीवर शेजारीण वाळवण राखत असते आणि तिचा कान पापडावर नसतो. सरतेशेवटी बरेच लोक चारचाकी रंकाळ्याकडे नेऊन काचा वर करून बसतात. आत माणूस फोनकडे बघून डोळे पुसतो आहे, असे दृश्य दिसल्यावर बाहेरच्या भेळवाल्याचे निदान ‘ब्रेकअप’ असते, आणि चाळिशीच्या माणसाला ते ऐकून क्षणभर बरेही वाटते. घरच्यांना सांगायला ऑफिसची मीटिंग हे कारण चालते. सलग काही आठवडे त्याच वारी, त्याच वेळी मीटिंग पडली की बायकोला शंका येते. मग खरे सांगावे लागते. ‘एवढंच हुतं व्हय?’ हे तिचे उत्तर उपचाराच्या दृष्टीने अनेकदा पहिल्या चार सत्रांपेक्षा गुणकारी ठरते. मात्र त्याची पावती मिळत नाही.

गुप्ततेचा हिशेब वेगळाच आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. पण अॅपची मालकी आणि उपचारकाची शपथ या दोन निरनिराळ्या गोष्टी. बेटरहेल्प या मोठ्या अमेरिकन कंपनीवर २०२३ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली. ग्राहकांची आरोग्याविषयीची माहिती जाहिरातींसाठी फेसबुक आणि स्नॅपचॅटसारख्या कंपन्यांना पुरवल्याचा आरोप होता, आणि ७८ लाख डॉलर भरण्याचा आदेश निघाला. गल्लीतल्या काकूंना कळू नये म्हणून ऑनलाइन जायचे आणि ते फेसबुकला कळायचे, असा हा व्यवहार. काकूंच्या बाजूने एवढे म्हणता येईल की त्या माहिती मिळाल्यावर निदान डबा घेऊन येतात. फेसबुक आत्मविश्वास वाढवणाऱ्या फेसवॉशची जाहिरात दाखवते.

या सगळ्या बाजारात एक फुकट नंबर आहे, म्हणून त्याची कोणी जाहिरात करत नाही. १४४१६. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, सुरू झाली. बंगळुरूची निम्हान्स ही तिची शिखर संस्था. चोवीस तास, मराठीसह वीस भाषांत, प्रशिक्षित समुपदेशक बोलतात आणि गरज पडली तर पुढे तज्ज्ञाकडे जोडून देतात. जीव द्यावासा वाटणे, झोप पूर्ण उडणे, आवाज ऐकू येणे अशा वेळी कोच शोधत न बसता हा नंबर किंवा कोल्हापूरचे सीपीआर रुग्णालय गाठायचे असते; इथे विनोदाला जागा नाही. बाकीच्यांची अडचण अशी की फुकटच्या गोष्टीने आत्मसन्मान कसा वाढेल, हे त्यांना पटत नाही. दोन हजार भरून मिळालेला सल्ला ऐकावा लागतो, कारण दोन हजार गेलेले असतात. विम्यातून हे पैसे परत मिळण्याची आशा बाळगू नये. मानसिक आजारांना शारीरिक आजारांइतकेच विमा संरक्षण द्यावे असे कायदा सांगतो खरा, पण आत्मसन्मान कमी असणे हा स्वतंत्र आजार नाही, फार तर लक्षण आहे. स्वतःला कमी समजण्यासाठी सुद्धा माणूस पुरेसा आजारी नाही, असे पत्र हाती पडणे हा एक वेगळाच अपमान.

उपचारात प्रत्यक्ष काय होते, हे थोडक्यात सांगता येते. मनात आपोआप येणारे विचार लिहायचे, त्यांना पुरावा मागायचा, पुरावा नसेल तर विचार बदलून लिहायचा. गृहपाठ असतो आणि तो बहुतेक जण सत्राच्या आदल्या रात्री करतात. शास्त्राच्या पोटात मात्र एक अडचण दडलेली आहे. कॅलिफोर्निया राज्याने १९८६ मध्ये आत्मसन्मान वाढवण्यासाठी चक्क सरकारी कार्यदल नेमले. गुन्हेगारी, व्यसने, नापास होणे या सगळ्यांवर तो सामाजिक लशीसारखा चालेल अशी अपेक्षा होती. २००३ मध्ये रॉय बॉमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन तपासले, तेव्हा आत्मसन्मानामुळे मार्क वाढतात याला फारसा आधार सापडला नाही. उलट चांगले मार्क पडल्यावर आत्मसन्मान वाढतो असे दिसले. म्हणजे वस्तादाच्या शंभर जोरांत थोडे तथ्य निघाले. अल्बर्ट एलिस तर त्याहून पुढचे. त्यांच्या मते स्वतःला गुण देण्याची सवय हेच मूळ दुखणे. कृतीला गुण द्यावेत, माणसाला देऊ नयेत, मेव्हण्याला तर नाहीच. आत्मसन्मान वाढवायला आलेल्याला आत्मसन्मान मोजूच नको असे सांगणारा हा उपचार सगळ्यांत स्वस्त पडतो, म्हणून अॅपवर तो सगळ्यांत खाली दिसतो.

उपचार कधी संपतो, याचा नियम असा की तो उपचारक आणि ग्राहक मिळून ठरवतात. व्यवहारात तो ऊस गेल्यावर, बोनस संपल्यावर किंवा फुकटची चाचणी मुदत सरल्यावर संपतो. शेवटच्या सत्रानंतर पडद्यावर पाच चांदण्या येतात आणि सेवा कशी वाटली असा प्रश्न येतो. ज्याला कोणालाही ‘नाही’ म्हणता येत नाही, म्हणूनच जो इथवर आला होता, तो भिडेखातर पाचही चांदण्या दाबतो. त्या चांदण्यांच्या सरासरीवर पुढचा ग्राहक त्याच उपचारकाची निवड करतो.