मागील पानावरून पुढे

सार्वजनिक पैशाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसास कीर्ती सहसा लाभत नाही. नाना फडणीस हा त्यास अपवाद म्हणावा, तर त्यालाही ती निव्वळ हिशेबामुळे लाभली नाही. हे पुरते ठाऊक असताही, तुमसर तालुक्यातल्या आमच्या नाकाडोंगरीस, जिच्या आसपास चिखल्याला भुयारातून आणि डोंगरी बुजुर्गला उघड्या खाणीतून मँगनीज निघते, परंतु माणसाच्या खिशातून वर्गणी काढणे दोन्ही पद्धतींनी सारखेच दुष्कर ठरते, मी मंडई समितीचे खजिनदारपद स्वीकारले. दिवाळी सरली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, दंडार होते, आणि वडशाच्या एखाद्या नाट्यमंडळास इसार देऊन रात्रभराचे नाटक आणावे लागते. एवढ्या खटाटोपाचा जमाखर्च पूर्वी एका पावतीपुस्तकात सुखाने मावत असे.

पुढे चौकात क्यूआर कोड चिकटला. वर्गणीदाराचे सुटे पैसे शोधण्याचे कष्ट वाचले, आणि ते सर्व कष्ट मजकडे वर्ग झाले. कारण एक्कावन्न रुपयांची प्रत्येक वर्गणी आता बँकेच्या विवरणपत्रात बारा आकडी संदर्भ क्रमांक, अर्धवट तोडलेले नाव आणि काही अगम्य तिरक्या रेघा असा लवाजमा घेऊन अवतरू लागली. विवरणपत्र येते ते पीडीएफच्या रूपात, आणि तेही कुलूपबंद. किल्ली म्हणजे अध्यक्षांच्या नावाची पहिली चार अक्षरे व त्यांचा जन्मदिनांक. अध्यक्षांचा जन्म शाळेच्या दाखल्याप्रमाणे १ जुलैचा. विदर्भातली त्यांची बहुतेक पिढी शाळाप्रवेशाच्या सोयीसाठी त्याच दिवशी जन्मास आली असल्याने, त्या गुप्ततेची प्रत वाचकांनीच ठरवावी.

सभेने ठराव केला की हिशेब एक्सेलमध्ये सादर व्हावा. रात्रीच्या रात्री आकडे टंकित करण्याची माझी तयारी पाहून नागपूरहून आलेला भाचा म्हणाला, "मामाजी, आता टायपिंग कोन करते? एआयले देऊन टाका ना!" मात्र देण्यापूर्वी त्याने खातेक्रमांक आणि वर्गणीदारांचे मोबाइल क्रमांक झाकून टाकले. तरुण पिढीविषयी माझे मत त्या क्षणापुरते सुधारले.

त्याने मला समजावले ते असे, की आपणांस पीडीएफमध्ये जो रेखीव तक्ता दिसतो तो बहुधा केवळ दृष्टिभ्रम असतो. आत अमुक अक्षर पानावर अमुक ठिकाणी, एवढीच नोंद असते, आणि कोणता आकडा कोणत्या रकान्याचा हे यंत्रास अनुमानाने ठरवावे लागते. अनुमानाची सवय एकदा जडली म्हणजे माणूस काय आणि यंत्र काय, थांबत नाही. पहिल्याच फेरीत आमची जमा कित्येक लाखांवर गेली. प्रत्येक पानाच्या माथ्यावर 'मागील पानावरून' म्हणून जी शिल्लक छापलेली असते, ती यंत्राने दर पानाला नवी वर्गणी समजून भक्तिभावाने जमेस धरली होती. वार्ता ओट्यावर पोहोचण्यास विलंब लागला नाही. एकाऐवजी दोन नाटके आणावीत, असा प्रस्ताव आला, त्यास अनुमोदनही मिळाले, आणि उरलेल्या रकमेची मुदतठेव करावी की रंगमंच पक्का बांधावा, यावर दोन तट पडले.

दुसरा प्रकार अधिक नाजूक. मधले दोन महिने विवरणपत्र मिळाले नव्हते, म्हणून पासबुकाच्या पानांची छायाचित्रे दिली होती, आणि त्यांवरची छपाई पुसट होती. जुना कारकून अशा ठिकाणी 'अंक लागत नाही' असा शेरा मारून मोकळा होई. या नव्या कारकुनास रकाना रिकामा ठेवण्याचा संकोच वाटतो, म्हणून तो तेथे संभवनीय आकडा बसवतो. त्याने एका सद्गृहस्थांच्या १०१ रुपयांचे ७०१ केले. यादी वाचली गेली तेव्हा टाळ्या पडल्या. दुरुस्तीस त्या गृहस्थांनी जो विरोध केला, तसा त्यांनी वर्गणी मागतानाही केला नव्हता.

या दोन्ही चोऱ्या पकडल्या त्या शिल्लक रकान्याने. वरच्या ओळीची शिल्लक, अधिक जमा, वजा नावे, बरोबर या ओळीची शिल्लक: हे सूत्र एकदा घालून खालपर्यंत ओढले, की जिथे मेळ चुकतो ती ओळ लाल करता येते. यात नवे काही नाही. लुका पाचोली या इटालियन भिक्षूने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात नावे-जमेचा ताळा पाहण्याची रीत सविस्तर वर्णिली होती, आणि आपल्याकडच्या रोजकीर्दीही दिवसाची शिल्लक काढल्यावाचून मिटत नसत.

परंतु शिल्लक रकाना बेरीज जाणतो, गाव जाणत नाही. संगणकाची मांडणी अमेरिकी असल्याने ०५/११ या दिवशी दिलेला नाटकाचा इसार ११ मे रोजी, ऐन उन्हाळ्यात, दिला गेल्याचे दिसू लागले. बाराव्या दिवसापुढच्या तारखा तेवढ्या बचावल्या, कारण तेरावा महिना अमेरिकेतही नसतो. आणि तालमीच्या दिवसांत कलावंतांच्या खर्ऱ्यापोटी पानठेलेवाल्यास रोज ठराविक रक्कम पाठवली जात असे. एका व्यक्तीस, नेमाने, सारखीच रक्कम, एवढे पाहून यंत्राने त्या सर्व नोंदी 'कलाकार मानधन' या सदराखाली दाखल केल्या. शिल्लक अचूक जुळत होती, एकही ओळ लाल नव्हती. पानठेलेवाल्यास हे कळल्यावर त्याने नाटकाच्या फलकावर आपलेही नाव घालण्याची रीतसर मागणी समितीकडे केली, आणि ती विचाराधीन आहे.

१८९१ च्या कायद्याने बँकेच्या वहीची प्रमाणित नक्कल न्यायालयात पुरावा म्हणून चालते. यंत्राने केलेल्या एक्सेलच्या पानास तो मान नाही, आणि तूर्त नसावा हेच इष्ट. तरी यंदाही हे काम मी यंत्राकडेच देणार आहे, कारण ते चहा मागत नाही. ग्रामस्थांस विनंती एवढीच, की क्यूआरवरून वर्गणी पाठवताना शेऱ्याच्या जागी 'मंडई' असे लिहून पुढे आपले पूर्ण नाव घालावे, आणि मोबाइल मुलाच्या नावावर असेल तर तसे खजिनदारास त्याच दिवशी कळवावे.