खापरं वेचू इच्छिणाऱ्यांसाठी प्राथमिक सूचना

पुण्यात राहून पुरातत्त्वज्ञ व्हायचं ठरवलंत, अभिनंदन. आधी घरच्यांना सांगून टाका की सोनं मिळणार नाही, आणि मिळालंच तर ते सरकारजमा.

मग डेक्कन कॉलेज गाठा. रिक्षावाल्याला नुसतं ‘डेक्कन’ म्हणू नका. तो जिमखान्यावर सोडेल आणि तुम्हाला जायचंय येरवड्याला. इथे १९३९ साली पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया रुजू झाले. त्याआधीचा प्राचीन भारत बहुतेक पोथ्या, नाणी नि शिलालेखांतच नांदायचा. इंग्रज पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमसाहेब तर चिनी यात्रेकरू ह्युएनत्संगाचं प्रवासवर्णन घेऊन बौद्ध स्थळं शोधत हिंडले. आधी ग्रंथ, मग जागा. सांकलिया आणि त्यांचे विद्यार्थी नद्यांच्या काठाकाठानं फिरले आणि ज्याच्याबद्दल कुठल्याच पोथीत अवाक्षर नाही, ते उचलू लागले.

तुम्हीही तसंच करा. नदीकाठी पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं, टेकाड शोधा. गावकरी जमतील आणि ‘हंडा कुठाय?’ विचारतील. खरं सांगा, कुणी विश्वास ठेवणार नाही. लालसर, वर काळ्या रेघा असलेलं खापर दिसलं तर नखानं टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर जोर्वे संस्कृतीचं असण्याची शक्यता धरा. संगमनेरजवळच्या जोर्व्याला १९५०-५१मध्ये उत्खनन झालं, म्हणून हे नाव. त्याला पुण्याचं नाव का नाही, असा अर्ज करू नये.

खणताना विहीर खणल्यासारखं खणू नका. थर ओळखा, प्रत्येक थराची माती वेगळी चाळा, चिठ्ठी लावा. चाळणीत जळका सातूचा दाणा राहिला तर तो हंड्याहून मोलाचा. (हे गावकऱ्यांना सांगू नका.)

सराव म्हणून इनामगाव अभ्यासा. शिरूर तालुका, घोड नदीचा काठ, इ. स. पू. १६०० ते ७००च्या सुमाराची वस्ती. १९६८ ते १९८३ इथे उत्खनन चाललं. लहान मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत, घरातच जमिनीखाली पुरलेलं. मोठ्या माणसांची पावलं घोट्याखाली तोडलेली. मेलेल्यानं उठून चालू लागू नये म्हणून, असा तर्क. आणि मग पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात चार पायांचा मातीचा रांजण, त्यात मांडी घालून बसवलेला माणूस, पावलं शाबूत! शेजारी धान्याचं कोठार.

इथे नवखा हमखास घसरतो. ‘राजा सापडला!’ म्हणून वर्तमानपत्राला फोन करतो. तुम्ही वहीत ‘गावचा प्रमुख असावा’ एवढंच लिहा आणि पुढच्या थराकडे वळा.

शेवटी अहवाल. इनामगावचा १९८८ साली छापून आला, म्हणजे पहिलं घमेलं उचलल्यापासून २० वर्षांनी. तेव्हा घरून ‘झालं का तुमचं?’ अशी विचारणा झाली, की चहा मागा.