विधानसौध : जोडचित्राचा प्रयोग

उद्देश
बेंगळुरूतील विधानसौधाची, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाच्या इमारतीची, पूर्वेकडची दर्शनी बाजू अनेक फोटो जोडून एका चित्रात आणणे आणि सांध्याचा पत्ता कोणालाही लागू न देणे. १९५१ मध्ये पायाभरणी होऊन १९५६ मध्ये पूर्ण झालेली ही ग्रॅनाइटची इमारत सुमारे ७०० फूट लांब आहे. ती एका फोटोत मावावी म्हणून मागे मागे सरकणाऱ्याची पाठ समोरच्या उच्च न्यायालयाच्या आवाराला टेकते.

साहित्य
एक्स्पोजर लॉक होणारा कॅमेरा किंवा फोन, ट्रायपॉड, ह्युगिनसारखे मोफत सॉफ्टवेअर आणि सकाळचे ऊन. शिवाय, ट्रायपॉड उघडताच कोणीतरी चौकशीला येतेच, त्यापुरते कन्नड.

कृती
१. कॅमेरा उभा धरावा. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स पहिल्या फोटोआधीच कायम करावेत. ते ऑटोवर राहिल्यास एकाच इमारतीच्या डाव्या अंगाला उन्हाळा आणि उजव्या अंगाला पावसाळा दिसतो.

२. डावीकडून उजवीकडे जावे. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा सुमारे एक तृतीयांश भाग पुन्हा यावा. त्याहून फार कमी भाग आल्यास सॉफ्टवेअरला शेजाऱ्याची ओळख पटत नाही.

३. कॅमेरा भिंगातल्या एका ठरावीक बिंदूभोवती फिरवावा. फोटोग्राफर त्याला नोडल पॉइंट म्हणतात. छायाचित्रकार कमरेतून वळला, तर जवळचे कुंपण लांबच्या इमारतीच्या मानाने सरकते. मग इमारत जुळते आणि कुंपणाचे गज मध्येच तुटतात. ट्रायपॉड नसल्यास कुंपण चौकटीबाहेर ठेवावे. लांबच्या वस्तू एवढ्या तेवढ्यावरून हलत नाहीत.

जुळवणी
सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोत कोपरे, कडा, डाग अशा ओळखीच्या खुणा शोधते. त्यासाठी डेव्हिड लो यांनी १९९९ मध्ये मांडलेली पद्धत फार उपयोगी पडली. खुणांच्या जोड्या लागल्या, की त्यांतल्या कोणत्याही चार घेऊन एक फोटो दुसऱ्यावर बसवून पाहिला जातो आणि बाकीच्या किती जोड्यांना हे मान्य आहे ते मोजले जाते. असे पुन्हा पुन्हा करून सर्वाधिक पाठिंब्याची मांडणी स्वीकारतात; न पटणाऱ्या जोड्या बाद होतात. फिशलर आणि बोल्स यांची ही रीत १९८१ची. बहुमताने निर्णय घेण्यासाठीच बांधलेल्या इमारतीला ती शोभते.

अडचण खांबांची. प्रवेशद्वारापाशी ४० फूट उंचीचे बारा खांब एकसारखे उभे आहेत. सॉफ्टवेअर डावीकडच्या फोटोतल्या चौथ्याला उजवीकडच्या फोटोतला पाचवा समजले, तर एक खांब नाहीसा होतो. पाचव्याला चौथा समजले, तर निविदा न काढता तेरावा उभा राहतो. अशा वेळी जुळणीच्या खुणा हाताने द्याव्यात. त्या खांबांवर न देता एकदाच येणाऱ्या गोष्टींवर द्याव्यात, उदाहरणार्थ सरकारचे काम हे देवाचे काम असे सांगणाऱ्या कोरीव अक्षरांवर. सहा महिने थांबण्याची सवय असलेल्या मराठी वाचकालाही ती विसरता येत नाहीत.

सांधा
रस्ता वाहता असल्याने दोन फोटोंच्या मधल्या वेळात रिक्षा पुढे निघून जाते. सांधा तिच्यावरून गेल्यास पुढचे चाक आणि चालक राहतात, प्रवासी मात्र बेपत्ता. म्हणून प्रत्येक टप्प्यावर दोन-तीन फोटो घ्यावेत, नको ती वाहने मास्क लावून वगळावीत आणि सांधा भिंतीवरून न्यावा. ग्रॅनाइट सहसा जागा सोडत नाही. आकाशाच्या छटा रुंद पट्ट्यात आणि बारीक तपशील अरुंद पट्ट्यात मिसळल्यास जोड लपतो. बर्ट आणि एडलसन यांनी ही युक्ती १९८३ मध्ये दाखवली.

प्रक्षेपण
जोडलेले फोटो एका चित्रात कसे पसरवायचे ते प्रक्षेपण ठरवते. दंडगोलाकार प्रक्षेपणात सरळ दर्शनी बाजूला बाक येतो. सपाट प्रक्षेपणात रेषा सरळ राहतात, पण दोन्ही टोके ताणली जातात, आणि १२० अंशांच्या आसपास हा ताण असह्य होतो. मोजक्या रुंदीच्या इमारतीला सपाटच बरे.

पडताळा
कडा कातराव्यात, क्षितिज सरळ करावे, चित्र मोठे करून खांब मोजावेत. बारा भरले, की प्रयोग पूर्ण.