शाळा हिशेब देते कुणाला?

सकाळचे साडेअकरा. जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा. गुरुजी बैठकीला तालुक्याला गेलेले. बाई व्हरांड्याच्या टोकाला, जिथे रेंज मिळते तिथे, मोबाइल उंच धरून उभ्या. पोषण आहाराची माहिती ॲपवर भरायची होती : हजर किती, जेवणारे किती. त्यांच्यामागे तिसरीतली एक पोर पाटी घेऊन ताटकळत होती. ५२ वजा २७. उत्तर लिहिलं होतं ३५. ‘‘बाई, बरोबर आहे का?’’ तिनं तीनदा विचारलं. ‘‘थांब गं बाळा, एवढं पाठवते.’’ शेवटी मीच खाली बसलो आणि एक दशक मोकळा करून दाखवला.

बाईंना मी बोल लावणार नाही. माहिती वेळेत गेली नाही, तर वरून खुलासा मागतात. वजाबाकी चुकली म्हणून आजवर कुणी खुलासा मागितलेला नाही. सरकारी शाळेचं दुखणं हेच आहे. ती वर हिशेब देते, गावाला देत नाही. आणि हे दुखणं जन्मापासूनचं आहे.

१८३५ साली मेकॉलेनं आपल्या टिपणात स्पष्ट लिहिलं होतं : सगळ्या जनतेला शिकवणं आपल्या आवाक्यात नाही, राज्यकर्ते आणि रयत यांच्यामध्ये दुभाषाचं काम करील असा एक वर्ग घडवावा. म्हणजे सरकारला काय हवं हे आधी ठरलं, आणि पोराला काय हवं हे कुणी विचारलंच नाही. १८५५ साली मुंबई इलाख्यात शिक्षण खातं उभं राहिलं. पुढच्याच वर्षी धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्यानं थेट सरकारकडे अर्ज केला. एकासाठी बाकीची मुलं शाळेतून जातील, या भीतीनं सरकारनंही हात वर केले. शाळा सरकारी होती, पण तिचं दार त्याच्यासाठी बंदच राहिलं. त्याच काळात पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले मुलींना आणि महार-मांगांच्या मुलांना शिकवत होते.

त्याच जोतीरावांनी १८८२ साली सरकारनं शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. सरकारची तिजोरी शेतकऱ्याच्या घामानं भरते आणि शिक्षणाचा पैसा मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो, हे त्यांनी तोंडावर सांगितलं. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, म्हणाले. नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरायला लाज वाटणार नाही, असे मास्तर शेतकरी वर्गातून नेमा. मोडी, बालबोध आणि हिशेबाबरोबर शेतीचे आणि आरोग्याचे धडे द्या. त्यांनी शाळा बंद करायला सांगितलं नव्हतं. ज्याच्या पैशावर ती चालते त्याच्या पोरासाठी ती चालवा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

पुढे गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक आणलं. १९१२ साली ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा करून दाखवला. सगळ्या देशात हा हक्क कायद्यानं मिळायला २००९ साल उजाडलं.

त्या कायद्यातली दोन कलमं शेजारी ठेवून वाचा. कलम २७ म्हणतं, शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नका. आणि त्याच दमात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळतं. म्हणजे सरकारला हात कमी पडले की मास्तर सरकारचा माणूस, ही जुनी समजूत कायद्यातही टिकून राहिली. कलम २१ मात्र मोलाचं आहे. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि निम्म्या स्त्रिया. जोतीरावांनी मागितलेला हिशेब घ्यायची खुर्ची इथे गावाला मिळालेली आहे. त्या खुर्चीवर आपण बसतच नाही. मी पाहिलेल्या शाळेत इतिवृत्ताची वही घरोघरी फिरली होती आणि आयांनी चुलीपुढून उठून सह्या केल्या होत्या. बैठक झालीच नव्हती.

पट घटला की शाळा दुसरीकडे जोडायची चर्चा सुरू होते. पट का घटला, हे त्या आयांना कुणी विचारत नाही. पोर शिकत नाही असं दिसलं की आई पोटाला चिमटा घेऊन फी भरते आणि इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत त्याला बसवते. ज्यांच्याकडे फीचे पैसे नाहीत त्यांची मुलं मागे राहतात. त्या मुलांसाठी ही शाळा टिकली पाहिजे, आणि नुसती टिकून भागणार नाही.

म्हणून समितीवरच्या प्रत्येक आई-बापाला माझं सांगणं आहे. वही दारात आली तर सही करू नका. ‘बैठक शाळेत घ्या’ म्हणा, आणि जा. बाईंचे किती तास माहिती भरण्यात गेले, ते ठरावात लिहून वर पाठवा. मग एका पोराला जवळ बोलवा, त्याच्या हातात पाटी द्या आणि ५२ मधून २७ वजा करायला सांगा.