आजोबांची रायफल, नातवाची फाईल

पूर्वी चांदा जिल्ह्यात वाघ मारायचा तर राखीव जंगलातला शिकारीचा एखादा ब्लॉक ठरावीक फी भरून मिळत असे. पुढचं काम हाकेवाल्यांचं, मचाणाचं आणि वाघाच्या नशिबाचं. आज त्याच मुलखात आजोबांची रायफल नुसती कपाटात ठेवायची म्हटलं तरी जेवढे कागद लागतात, तेवढे त्या काळी अख्ख्या हंगामातही लागले नसतील.

समजा, असा एक नातू आहे. मूलचा म्हणा, आरमोरीचा म्हणा. आजोबांनी रायफल लंडनहून बनवून घेतलेली. रिग्बी, हॉलंड अँड हॉलंड ही तिथली बंदूकघरं गिऱ्हाइकाच्या अंगाचं माप घेऊन दस्ता बेततात, शिंप्याने कोट बेतावा तसा. आजोबांच्या खांद्याला ती चपखल बसे. नातवाला आजोबांचा कोटही होत नाही. पण वारसा म्हटला की मापं कोण बघतो?

वारशाचा पहिला मुक्काम पोलीस ठाण्यात. परवाना आजोबांच्या नावाचा, तो त्यांच्याबरोबरच संपतो. शस्त्र कायदा 1959 चं कलम 21 सांगतं, की असं हत्यार विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. म्हणजे तेरवी व्हायच्या आत रायफल घराबाहेर. मग अर्ज, मृत्यूचा दाखला, नातवाच्या शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, पोलिसांचा चौकशी अहवाल आणि बाकीच्या वारसांची ना हरकत.

खरा वाघ इथे बसलाय. 1982 मध्ये जिल्ह्याची वाटणी होऊन गडचिरोली वेगळा झाला, पण घराची वाटणी अजून चालूच आहे. ज्या काकांशी धुऱ्यावरून दावा चाललाय, त्यांच्याकडूनच लिहून आणायचं, की याला बंदूक द्यायला माझी काही हरकत नाही.

काका एकदाचे विरघळले, तरी वनखातं आहेच. गाव अभयारण्यापासून 10 किलोमीटरच्या आत असेल, तर वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 34 प्रमाणे बंदूकवाल्याची नोंदणी लागते. नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय मिळत नाही. ताडोबा-अंधारी, चपराळा, भामरागड यांच्याभोवती कंपासने वर्तुळं काढून पाहावीत. बरीच गावं आत सापडतात. आणि आजोबांनी बैठकीत वाघाचं मुंडकं टांगलं असेल, तर तो वेगळा वारसा. त्याचं मालकी प्रमाणपत्र हवं, शिवाय वारशाने मिळाल्यापासून 90 दिवसांत तसं कळवावंही लागतं. वाघ मारायला आजोबांना एक गोळी लागली. भिंतीवरचा वाघ सांभाळायला नातवाला वकील लागतो.

बरं, एवढं करून रायफल घरी आली. करायचं काय तिचं? शिकार कायद्याने बंद. गावात वाघाने माणूस मारला की शेजारी मोठ्या आशेने नातवाच्या दाराकडे बघतात, पण त्या वाघाचा बंदोबस्त वनखात्याकडे. राजुऱ्याकडचा आरटी-1 वाघ 2020 मध्ये आणि देसाईगंजकडचा सीटी-1 2022 मध्ये जेरबंद झाला; एकाही आजोबांच्या रायफलीला आमंत्रण गेलं नाही. राहता राहिली रानडुकरं आणि रोही. पिकाची नासाडी करणाऱ्या या जनावरांना मारायची परवानगी राज्य सरकारच्या 2015 च्या निर्णयाने मिळू शकते. म्हणजे ज्या रायफलीने पट्टेदार लोळवला, ती आता धानाच्या बांधीत डुकराची वाट बघत बसणार. तेही वनक्षेत्रपालाकडे अर्ज करून आणि काडतूस मिळालं तर. भद्रावतीच्या आयुध निर्माणीत दारूगोळा भरला जातो खरा, पण तो लष्करासाठी.

एक गोष्ट मात्र रायफल इमानाने करते: आचारसंहिता लागली की परत ठाण्यात जमा व्हायची. नातवापेक्षा तिलाच निवडणुकांच्या तारखा जास्त पाठ असाव्यात.

जिम कॉर्बेट सुटला. चंपावतच्या वाघिणीला मारल्याबद्दल 1907 मध्ये त्याला रिग्बीची रायफल भेट मिळाली होती. त्याने लग्नच केलं नाही, त्यामुळे नातवाचा प्रश्न आला नाही. रायफल त्याच्या प्रकाशकाकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे गेली आणि शेवटी 2015 मध्ये रिग्बीनेच ती विकत घेतली. तिथे धुऱ्याचा दावा नव्हता.

ज्यांचे आजोबा अजून ओसरीवर बसून वाघाच्या गोष्टी सांगतात, त्यांनी मात्र शस्त्र नियम 2016 मधला नियम 25 वाचून ठेवावा. परवानाधारकाने सत्तरी गाठली किंवा हत्यार त्याच्याकडे 25 वर्षं राहिलं, की त्याच्या हयातीतच, त्याने सुचवलेल्या वारसाला परवाना मिळू शकतो. तेव्हा पुढची गोष्ट सुरू व्हायच्या आत अर्ज पुढे करावा आणि सही घ्यावी. काका जेवायला आलेले असतील, तर लगे हात त्यांचीही.